मधली जागा ‘इट’ची

24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम 66अ रद्द केले. या खटल्याचे मूळ महाराष्ट्रात होते. 2012 मध्ये पालघरमध्ये फेसबुकवरच्या मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली होती आणि त्यावरून देशभर काहूर उठले होते. निकालाची बातमी इंग्रजीत लिहायची तर पहिले वाक्य साधारण असे होईल: ‘द कोर्ट स्ट्रक डाउन सेक्शन 66ए ऑफ द इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी ॲक्ट.’ पुढे त्याच कलमाचे नाव पुन्हा न घेता बोलायचे असेल तर वाक्य होईल: ‘द कोर्ट स्ट्रक इट डाउन.’ इथे ‘स्ट्रक डाउन इट’ असे इंग्रजी मातृभाषा असलेला माणूस लिहिणार नाही. क्रियापद तेच आहे, अर्थही तोच आहे. कर्म लांबलचक होते तेव्हा ते ‘डाउन’च्या पलीकडे गेले आणि त्याचे नुसते ‘इट’ झाले तेव्हा ते अलीकडे येऊन बसले.

मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांचे पाऊल नेमके इथे घसरते. ‘टर्न ऑफ इट’, ‘पुट डाउन इट’, ‘गिव्ह बॅक इट’ अशी वाक्ये दहावीच्या वहीत दिसतात, पदवीच्या उत्तरपत्रिकेत दिसतात आणि पुढे कचेरीतल्या ईमेलमध्येही दिसतात. शिक्षक लाल रेघ मारतात, मूल ती चूक सुधारते आणि पुढच्या निबंधात तीच चूक पुन्हा करते. मग ठरलेले निदान होते: हा मराठीचा परिणाम, मूल मराठीत विचार करते म्हणून इंग्रजी बिघडते. हे निदान साफ चुकीचे आहे आणि त्याने मुलांचे दुहेरी नुकसान होते. एक तर चूक सुधारत नाही, शिवाय आपली भाषाच आपल्या वाटेत आडवी येते असा समज मुलाच्या मनात पक्का होतो. प्रत्यक्षात मराठीत विचार करून हे वाक्य बांधले तर ते बरोबर येते. ते बिघडते शाळेत पाठ करायला लावलेल्या यादीमुळे.

ही यादी मराठी घरांत सगळ्यांच्या ओळखीची आहे. डाव्या बाजूला ‘पुट ऑफ’, ‘गिव्ह अप’, ‘टर्न डाउन’, ‘कॉल ऑफ’ आणि उजव्या बाजूला ‘पुढे ढकलणे’, ‘सोडून देणे’, ‘नाकारणे’, ‘रद्द करणे’. गाइडमध्ये ती असते, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत असते, क्लासच्या झेरॉक्समध्ये असते. परीक्षेत प्रश्न येतो, ‘स्वतःच्या वाक्यात उपयोग करा’, आणि मूल एक सुरक्षित वाक्य लिहून दोन गुण घेते. या यादीत अर्थ आहे, पण कर्म नाही. ‘पुट’ आणि ‘ऑफ’ एकमेकांना चिकटून छापलेले असतात. शंभर वेळा डोळ्यांखालून गेल्यावर मुलाच्या लेखी तो एकच शब्द होतो, आणि एका शब्दाच्या पोटात दुसरा शब्द शिरू शकतो हे त्याच्या मनातही येत नाही. ‘इट’ शेवटी लावण्यावाचून त्याला दुसरी जागाच उरत नाही.

आता तेच मूल मराठीत काय म्हणते ते पाहावे. ‘पुस्तक खाली ठेव.’ ‘ते खाली ठेव.’ ‘पुस्तक परत दे.’ ‘ते परत दे.’ ‘कचरा बाहेर टाक.’ ‘तो बाहेर टाक.’ प्रत्येक वाक्यात आधी कर्म, मग ‘खाली’, ‘परत’, ‘बाहेर’ असा दिशा दाखवणारा शब्द आणि शेवटी क्रियापद. यातले क्रियापद उचलून पुढे ठेवले आणि बाकी क्रमाला हात लावला नाही तर काय मिळते? पुट – द बुक – डाउन. पुट – इट – डाउन. गिव्ह – इट – बॅक. थ्रो – इट – आउट. एकही वाक्य चुकत नाही. मराठीच्या क्रमात कर्म आणि क्रियापद यांच्या मधोमध हा दिशादर्शक शब्द असतो. क्रियापद पुढे गेले की मधली जागा आपोआप कर्माला मिळते.

याचा अधिक जवळचा पुरावा मराठी बोलण्यातच आहे. घराघरांत ‘लाइट ऑफ कर’, ‘पंखा ऑन कर’, ‘गीझर ऑफ केलास का?’ अशी वाक्ये रोज बोलली जातात. इंग्रजीतला ‘ऑफ’ मराठीने घेतला आणि त्याला कर्मानंतर, क्रियापदाच्या आधी बसवले. ‘लाइट ऑफ कर’ यातला ‘लाइट ऑफ’ हा क्रम ‘टर्न द लाइट ऑफ’मधला आहे. कधीही शाळेत न गेलेल्या आजीच्या तोंडी हा क्रम बरोबर असतो आणि नववीतल्या नातवाच्या वहीत तो उलटा होतो. दोष कुठे शिरला, हे शोधायला यापेक्षा वेगळी तपासणी लागत नाही.

एक अडचण मात्र मान्य करायला हवी. मराठीने इंग्रजीतून उचललेले सगळेच शब्द ‘ऑफ’सारखे सुटे आलेले नाहीत. ‘पिकअप’, ‘चेकअप’, ‘बॅकअप’, ‘लॉगइन’, ‘हँडओव्हर’ हे शब्द नाम म्हणून आले आणि मराठीने त्यांना ‘करणे’ जोडले. ‘त्याला स्टेशनवरून पिकअप कर’ म्हणणाऱ्या माणसाच्या कानाला ‘पिकअप’ एकसंध वाटतो, म्हणून त्याच्या इंग्रजीत ‘पिकअप हिम’ येऊ शकते. क्रिकेटमध्येही तेच होते. जानेवारी 2021 मध्ये सिडनी कसोटीत रवींद्र जडेजाने दुरून थेट फेक करून स्टीव्ह स्मिथला 131 धावांवर धावबाद केले. मराठीत ‘जडेजाने त्याला रनआउट केलं’. इंग्रजीत ‘जडेजा रॅन हिम आउट’. धावफलकावर ‘रन आउट’ शेजारी शेजारी छापलेले दिसते, समालोचनात त्यांच्या मध्ये ‘हिम’ येतो. शिक्षकाने वर्गात हे एक उदाहरण घेतले तरी मुलांच्या ते कायमचे लक्षात राहील. क्रिकेट पाहणाऱ्या मुलाला ही वाक्ये पाठ करावी लागत नाहीत, ती त्याच्या कानावर पडलेलीच असतात.

मग इंग्रजीत ‘टर्न ऑफ द लाइट’ही बरोबर आणि ‘टर्न द लाइट ऑफ’ही बरोबर, असे दोन रस्ते का? हा प्रश्न अभ्यासकांना शंभर वर्षांहून अधिक काळ छळतो आहे. 1919 मध्ये व्हान डोंगेन नावाच्या डच अभ्यासकाने ‘निओफिलोलोगस’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. ‘ही पुट्स ऑन हिज हॅट’ आणि ‘ही पुट्स हिज हॅट ऑन’ ही दोन वाक्येच त्याचे शीर्षक होते. टोपी तीच, घालणारा तोच, मग फरक कशाचा? त्याच्याही दहा वर्षे आधी, 1909 मध्ये, जर्मन व्याकरणकार ओटो बेहागेल यांनी एक साधे निरीक्षण मांडले होते. वाक्यातले आखूड घटक आधी आणि लांब घटक नंतर येण्याकडे भाषेचा कल असतो. पुढे संगणकावर लाखो वाक्ये तपासता येऊ लागली, तेव्हा इंग्रजीतल्या या जोडक्रियापदांबाबत हे निरीक्षण खरे ठरत गेले. 2003 मध्ये श्टेफान ग्रीस यांनी या एकाच विषयावर आख्खे पुस्तक लिहिले. कर्माची लांबी, त्याचा उल्लेख आधी होऊन गेला आहे की नाही, अर्थ शब्दशः आहे की लाक्षणिक, अशी अनेक कारणे एकत्र येऊन क्रम ठरवतात, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवले.

या कारणांतली दोन मुख्य आहेत. पहिले म्हणजे कर्माचे वजन. ‘शी थ्रू द लेटर आउट’ हे कानाला नीट लागते. पण ‘काल दुपारी कपाटामागे सापडलेले, उंदराने अर्धे कुरतडलेले पत्र’ एवढे लांब कर्म ‘थ्रू’ आणि ‘आउट’ यांच्या मध्ये ठेवले, तर ऐकणाऱ्याला ‘आउट’ येईपर्यंत क्रियेचा अर्थच लागत नाही. फेकले की फक्त उडवले, हे त्याला वाक्य संपेपर्यंत कळत नाही. म्हणून इंग्रजी बोलणारा ‘आउट’ आधी सांगून टाकतो आणि लांब कर्म निवांतपणे मागून आणतो. बातम्यांच्या इंग्रजी मथळ्यांत ‘स्ट्राइक्स डाउन’, ‘रोल्स आउट’, ‘टर्न्स डाउन’ हे तुकडे अखंड दिसतात ते याचसाठी. मथळ्यातले कर्म बहुधा नवे असते आणि भारदस्तही असते.

दुसरे कारण जुन्या-नव्याचे. इंग्रजी वाक्यात जोराची जागा शेवटची. आधी माहीत नसलेली गोष्ट तिथे जाते. ‘टर्न ऑफ द लाइट’ म्हणताना आवाज ‘लाइट’वर चढतो. ‘टर्न इट ऑफ’ म्हणताना तो ‘ऑफ’वर चढतो, कारण ‘इट’ म्हणजे काय ते दोघांनाही ठाऊक असते. ‘इट’ शेवटी ठेवले तर वाक्याचा सगळा जोर एका पोकळ शब्दावर पडतो आणि वाक्य कोसळते. सर्वनाम मध्येच हवे, या नियमाचे मूळ हे आहे. पुस्तकात तो नियम म्हणून छापला जातो आणि त्याचे कारण गाळले जाते. कारण कळले की अपवादही समजतात. सर्वनामावर मुद्दाम जोर दिला किंवा त्याला सोबती जोडला, तर ते शेवटीही चालते. ‘पिक अप हिम अँड हिज टू सिस्टर्स’ हे वाक्य इंग्रजी कानाला खटकत नाही, कारण आता ‘हिम’ एकटा नाही, त्याचे वजन वाढले आहे.

मराठी माणसाला हे शिकवावे लागत नाही. ‘आईने चहा केला’ आणि ‘चहा आईने केला’ यांतला फरक चार वर्षांच्या मुलालाही कळतो. दुसऱ्या वाक्यात चहा आधीपासून चर्चेत असतो आणि तो कोणी केला ही नवी बातमी असते. मराठीत जोराची जागा क्रियापदाच्या लगेच आधीची आहे, इंग्रजीत ती वाक्याच्या शेवटी आहे. जागा वेगळी, पण जुने सैल बसते आणि नवे ठळक बसते ही जाणीव दोन्ही भाषांत सारखी आहे. इंग्रजीचा शिक्षक वर्गात ही जाणीव जागी करू शकतो. त्याला फक्त मराठीची लाज वाटता कामा नये.

या क्रमाचा इतिहास पाहिला तर मराठीशी असलेले साम्य आणखी उघड होते. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत, विशेषतः गौणवाक्यात, क्रियापद बऱ्याचदा शेवटी येई आणि दिशादर्शक शब्द त्याच्या लगेच आधी बसे. म्हणजे ‘पुस्तक खाली ठेव’ असाच क्रम. जर्मनमध्ये तो आजही आहे. पुण्यात मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकायला जाणाऱ्यांना सुरुवातीच्याच धड्यांत ‘आउफमाखेन’ भेटते, म्हणजे उघडणे. साध्या वाक्यात त्याचे दोन तुकडे होतात आणि ‘आउफ’ वाक्याच्या टोकाला जातो. पण ‘कारण मी दार उघडतो’ अशा गौणवाक्यात क्रम होतो दार, ‘आउफ’, ‘माखे’. मराठीत हेच सुटे करून म्हटले तर ‘दार उघडे करतो’. शब्दाला शब्द जुळतो. इंग्रजीने पुढच्या शतकांत क्रियापद कायमचे कर्माच्या पुढे नेले आणि दिशादर्शक शब्द मागे राहिला. काही जुने शब्द मात्र पूर्वीच्याच अवस्थेत गोठून राहिले. म्हणूनच आज इंग्रजीत ‘ओव्हरटेक’ वेगळा आणि ‘टेक ओव्हर’ वेगळा, ‘अपसेट’ वेगळा आणि ‘सेट अप’ वेगळा, ‘ओव्हरलुक’ वेगळा आणि ‘लुक ओव्हर’ वेगळा. बाराव्या शतकात इंग्लंडमधल्या पीटरबरो इथल्या मठात लिहिल्या जाणाऱ्या बखरीत गढ्या सोडून देण्याच्या अर्थाने ‘गिव्ह अप’चे जुने रूप सापडते. ही बखर 1154 पाशी थांबते. इंग्लंडच्या उत्तरेत आणि पूर्वेत स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांची वस्ती होती. त्यांच्या भाषेने या रचनेला बळ दिले असावे, असे बरेच अभ्यासक मानतात.

त्या स्कँडिनेव्हियातही एकमत नाही, ही या विषयातली सर्वांत सुरेख गोष्ट आहे. डॅनिशमध्ये कर्म नेहमी मध्ये येते, लहान असो की मोठे. स्वीडिशमध्ये पार्टिकल, म्हणजे हा दिशादर्शक शब्द, क्रियापदाला चिकटून राहतो आणि सर्वनामसुद्धा त्याच्या मागून येते. म्हणजे ‘थ्रो आउट इट’ हा क्रम स्वीडिशमध्ये अगदी बरोबर आहे. नॉर्वेजियन इंग्रजीसारखी आहे. नामाला दोन्ही जागा मोकळ्या, सर्वनामाला मात्र मधलीच. सख्ख्या शेजारणी असलेल्या तीन भाषा, आणि तिघींची रीत वेगळी. खुद्द ब्रिटनमध्येही स्कॉटलंडच्या बोलीत ‘टर्न आउट द लाइट’कडे कल जास्त, तर दक्षिण इंग्लंडमध्ये ‘टर्न द लाइट आउट’कडे. तेव्हा ‘टर्न ऑफ इट’ लिहिणाऱ्या मुलाने तर्काविरुद्ध काही केलेले नसते. त्याने फक्त इंग्रजीने न निवडलेली वाट धरलेली असते, आणि त्याला ओरडण्यापेक्षा वाट दाखवणे सोपे असते.

यात एक खरी अवघड जागा आहे. दिसायला सारखे असलेले सगळे लहान शब्द सारखे वागत नाहीत. ‘ही रॅन अप अ बिल’ म्हणजे त्याने उधारी वाढवून ठेवली, ‘ही रॅन अप अ हिल’ म्हणजे तो टेकडी चढत धावला. उधारीच्या वाक्यात ‘रॅन इट अप’ म्हणता येते, टेकडीच्या वाक्यात ‘रॅन अप इट’च म्हणावे लागते. पहिल्यातला ‘अप’ क्रियापदाचा, दुसऱ्यातला टेकडीचा. यादीत दोन्ही ‘रन अप’ असेच छापले जातील.

इथे मराठी व्याकरणातली शब्दयोगी अव्यये कामी येतात. मराठीत ‘कडे’, ‘वर’, ‘साठी’, ‘बद्दल’ हे नामाला चिकटतात: त्याच्याकडे, टेकडीवर, बससाठी. ‘खाली’, ‘बाहेर’, ‘परत’, ‘बंद’ हे ‘खाली ठेव’सारख्या वाक्यांत क्रियापदाच्या बाजूने उभे राहतात. इंग्रजी वाक्याचा मराठी अर्थ मनात आणावा. लहान शब्द मराठीत नामाला चिकटत असेल तर इंग्रजीतही तो नामासोबतच ठेवावा: ‘लुक ॲट इट’, ‘वेट फॉर इट’, ‘क्लाइम्ब अप इट’. तो क्रियापदाकडे जात असेल तर सर्वनाम मध्ये घ्यावे: ‘टेक इट आउट’, ‘सेंड इट बॅक’, ‘शट इट डाउन’. ही कसोटी शंभर टक्के चालत नाही. ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणे. तिथे मराठीत चिकटायला काहीच उरत नाही, आणि इंग्रजीत मात्र ‘लुक आफ्टर इट’च हवे. ‘पुट अप विथ’सारखी तीन शब्दांची क्रियापदे तर कुठेच फुटत नाहीत. पण दहा-बारा अपवाद लक्षात ठेवणे आणि चारशे जोड्या पाठ करणे यांत मोठा फरक आहे.

प्रश्न फक्त क्रमाचा असता तर एवढा आग्रह धरायचे कारण नव्हते. क्रमाची भीती बसली की माणूस ही क्रियापदेच टाळू लागतो. 1985 मध्ये दागुत आणि लाउफर या दोन अभ्यासकांनी हिब्रू भाषक विद्यार्थ्यांबाबत हेच नोंदवले. पर्याय असेल तर विद्यार्थी दोन शब्दांचे क्रियापद सोडून एकाच शब्दाचे निवडत. महाराष्ट्रातही ‘पुट ऑफ’ऐवजी ‘पोस्टपोन’, ‘गो बॅक’ऐवजी ‘रिटर्न’, ‘पुट आउट’ऐवजी ‘एक्स्टिंग्विश’ वापरणारे सुशिक्षित लोक पावलोपावली भेटतात. त्यांचे इंग्रजी व्याकरणात शुद्ध असते, पण जेवणाच्या टेबलावरही ते सरकारी पत्रासारखे ऐकू येते. यामागे लॅटिनमधून आलेला शब्द तो भारी आणि साधा जोडशब्द तो गावठी, ही जुनी समजूत आहे. वाक्याच्या शेवटी ‘ऑफ’, ‘अप’, ‘विथ’ येऊ नये, हा सल्लाही त्याच घरातला. तो सतराव्या शतकातला आहे. 1672 मध्ये जॉन ड्रायडन यांनी बेन जॉन्सन यांच्या लेखनात हा दोष काढला आणि पुढच्या पिढ्यांनी त्याचा नियम केला. 1926 मध्ये फाउलर यांनी आपल्या प्रसिद्ध कोशात त्याला अंधश्रद्धाच ठरवले. तरीही अनेक मराठी शाळांतून तो अजून सांगितला जातो, आणि ‘टर्न इट ऑफ’ लिहिताना मुलाचा हात थबकतो.

सॅम्युअल जॉन्सन यांना मात्र या शब्दांचे मोल कळले होते. 1755 च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहिले की, क्रियापदानंतर लहान शब्द जोडून अर्थ बदलण्याची रीत इंग्रजीत फार आहे, आणि परक्या माणसाला सर्वांत जास्त त्रास तिचाच होतो. या जोड्या त्यांनी कोशात मेहनतीने नोंदवल्या. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र त्यानंतर एकशे सत्तर वर्षांनी छापून आले, 1925 मध्ये, लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या पुस्तकात. ते नाव ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवले होते. पाच वर्षांनी सी. के. ऑग्डेन यांनी जगासाठी ‘बेसिक इंग्लिश’ तयार केले. शब्द फक्त 850 आणि त्यांत क्रियापदे अवघी 18. उरलेल्या हजारो क्रियापदांचे काम ‘पुट’, ‘टेक’, ‘गेट’, ‘गिव्ह’ यांना ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ जोडून भागवायचे होते. शब्द कमी झाले, पण सगळा भार नेमक्या त्या रचनेवर पडला जी परक्यांना सर्वांत जड जाते. विमानदुरुस्तीच्या पुस्तिकांसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’ने उलटी वाट धरली. तिच्या नियमांत फ्रेझल व्हर्ब बनवू नयेत असे स्पष्ट सांगितले आहे, कारण जगभरच्या तंत्रज्ञांना सूचना एकाच अर्थाने कळायला हव्यात. हँगरमध्ये हा नियम योग्य आहे. पण शाळा मुलांना माणसांशी बोलायला शिकवते, आणि माणसे ‘टर्न इट ऑफ’ म्हणतात.

शिवाय हे ओझे वाटते तेवढे मोठे नाही. 2007 मध्ये गार्डनर आणि डेव्हिस यांनी दहा कोटी शब्दांच्या ‘ब्रिटिश नॅशनल कॉर्पस’ या भाषासंग्रहातली पाच लाखांहून अधिक फ्रेझल व्हर्ब तपासली. अवघी 20 क्रियापदे आणि 8 पार्टिकल यांच्या जोड्यांनी त्यातला निम्म्याहून अधिक भाग व्यापला होता. ‘गो’, ‘कम’, ‘टेक’, ‘गेट’, ‘पुट’ यांसारखी क्रियापदे आणि ‘आउट’, ‘अप’, ‘ऑन’, ‘बॅक’, ‘डाउन’ यांसारखे शब्द. एवढे जर कर्मासह, आवाजासह, नाम आणि सर्वनाम दोन्हींसह हाताखालून गेले तर पाया तयार होतो. भारतीय इंग्रजीने स्वतः घडवलेल्या रूपांनाही त्यात जागा हवी. ‘कीप अप विथ’, ‘कॅच अप विथ’, ‘पुट अप विथ’ या रांगेच्या ओढीने आपल्याकडे ‘कोप अप विथ’ झाले. ब्रिटनमध्ये नुसते ‘कोप विथ’ म्हणतात. पदवी घेतली या अर्थाने ‘पास्ड आउट’ आपल्याला सहज वाटते, कारण खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची ‘पासिंग आउट परेड’ दरवर्षी बातम्यांत असते. लंडनमध्ये कॉलेजबद्दल तेच म्हटले तर ऐकणाऱ्याला माणूस चक्कर येऊन पडला असे वाटू शकते. मुलांना दोन्ही सांगावे.

महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते. म्हणजे दहावीपर्यंत दहा वर्षे हातात आहेत. पहिलीच्या वर्गात ‘स्टँड अप’, ‘सिट डाउन’ असतेच. तिथेच ‘पिक इट अप’, ‘पुट इट डाउन’, ‘गिव्ह इट बॅक’ हे खेळातून आणता येते, आणि ते आणताना ‘अप’, ‘डाउन’, ‘बॅक’वर आवाज चढवता येतो. वरच्या वर्गात यादी द्यायचीच असेल तर ‘टर्न ऑफ’ न छापता ‘टर्न इट ऑफ’ छापावे आणि ‘लुक आफ्टर’ न छापता ‘लुक आफ्टर इट’ छापावे. दोन अक्षरांच्या या भरीने प्रत्येक नोंदीतच क्रम दिसतो, वेगळा नियम सांगावा लागत नाही. हे काही नवे सुचवणे नाही. 1942 मध्ये जपानमध्ये ए. एस. हॉर्नबी यांनी विद्यार्थ्यांसाठी केलेल्या इंग्रजी कोशाचा वारसा सांगणाऱ्या आजच्या ऑक्सफर्ड कोशात कर्माची जागा नोंदीतच दाखवलेली असते, आणि कर्म दोन्हीकडे चालत असेल तर दुतोंडी बाणाची खूण असते. ‘क्राय हिज आइज आउट’सारख्या ठिकाणी कर्म मध्येच अडकलेले असते, ‘गिव्ह अप होप’मध्ये ते बहुधा शेवटीच राहते. तेही तिथे तपासता येते. हा कोश अनेक शाळांच्या कपाटात असतो. त्यातला बाण म्हणजे काय, हे मुलांना एका तासिकेत सांगून होते.

परीक्षेतला प्रश्नही बदलायला हवा. ‘स्वतःच्या वाक्यात उपयोग करा’ याला मूल पाठ केलेले वाक्य लिहिते. त्याऐवजी दोन ओळींचा संवाद द्यावा. पहिल्या ओळीत आई म्हणते, ‘द टीव्ही इज टू लाउड’. दुसरी ओळ मुलाने ‘टर्न’, ‘डाउन’, ‘इट’ हे तीन शब्द वापरून पूर्ण करायची. पुढचा प्रश्न तोच, पण ‘इट’च्या जागी एक लांबलचक कर्म देऊन. पहिल्या उत्तरात कर्म मध्ये, दुसऱ्यात शेवटी. दोन्ही उत्तरे बरोबर आली की मुलाला जोडी पाठ आहे की रचना कळली आहे, हे तपासणाऱ्याला वेगळे विचारावे लागत नाही.